वाटणी येते, मग भागाकार का अडतो?



या पानावर आपण एरवी बीजप्रक्रिया, खतांच्या मात्रा, फवारणी यांविषयी बोलतो. आज विषय जरा वेगळा आहे. पाचवी ते आठवीच्या मुलांना न येणारा भागाकार. शेतीखात्याच्या माणसाने शाळेच्या गणितात कशाला नाक खुपसावे, असे कुणी म्हणेल. पण एकरी खत, पंपाला औषध, सरीला रोपे, बाईमाणसाची मजुरी, या सगळ्याचा हिशेब शेवटी भागाकारापाशीच येऊन थांबतो. तिथे चूक झाली तर नुकसान वहीत होत नाही, शेतात होते. शिवाय या विषयात माझी स्वतःची एक चूक झालेली आहे. ती आधी सांगतो.

ओसरीवरचा प्रसंग

सोयाबीन काढणीचे दिवस होते. मी एका वाडीत पीक पाहायला गेलो होतो. एका शेतकरीदादांचे तीन एकर चोवीस गुंठे सोयाबीन बारा बायांच्या टोळीने गुत्त्याने काढले होते. एकरी ३,४०० रुपये ठरलेले. एकूण झाले १२,२४० रुपये. संध्याकाळी ओसरीवर पैसे वाटायचे होते. दादांनी मोबाइल काढला, तेवढ्यात मी म्हणालो, "मोबाइल कशाला? घरात आठवीतला गडी आहे की! बाळा, वही आण."

पोरगे आले. बायांच्या पुढ्यात बसून त्याने १२,२४० ला १२ ने भागायला घेतले. बाराला बारा एकदा गेले, वर एक मांडला. पुढचे दोन उतरवले. दोनाला बाराचा भाग जाईना. मग त्याने त्याच्यापुढचा चार उतरवला, बारा दुणे चोवीस, वर दोन मांडले. शेवटचे शून्य उतरवून वर शून्य दिले आणि म्हणाला, "एकशे वीस."

बायांत हशा पिकला. "अगं बया! दोन दिस कंबर मोडली अन् एकशे वीस?" पोरगे लालबुंद झाले, वही तिथेच टाकून आत निघून गेले. खोटे कशाला बोलू, मलाही हसू आले होते.

हसल्या नाहीत त्या फक्त टोळीच्या मुकादम आजी. त्या म्हणाल्या, "सायेब, लेकराला हसू नगा. पैसं हिकडं द्या." आजी कधी शाळेची पायरी चढलेल्या नव्हत्या. त्यांनी पाचशेच्या नोटा घेतल्या, प्रत्येकीपुढे दोन-दोन ठेवत गेल्या. चोवीस नोटा संपल्या, बारा जणींना हजार-हजार पोचले. हातात उरले दोनशे चाळीस. शंभराच्या दोन नोटा आणि विसाच्या दोन. शंभराच्या दोन नोटा बारा जणींना कशा पुरणार? आजींनी पोराला दुकानात पिटाळून दोनशेची मोड आणवली, सगळी विसाच्या नोटांत. झाल्या बारा नोटा. एकीला एक. हिशेब मिटला: १,०२० रुपये.

दोन दिवसांनी कळले, की ते पोरगे शाळेत गेलेले नाही. चारचौघांत त्याला बसवणारा मीच होतो. तेव्हापासून हा विषय डोक्यातून गेला नाही.

आजींनी केला तोच भागाकार

आता नीट बघा. आजींनी नोटांनी जे केले आणि मुलाने वहीत जे करायचे होते, ते एकच आहे. बारा हजार बारा जणींत वाटले, प्रत्येकीला एक हजार. वहीत हजारांच्या घरावर एक. मग शंभराच्या दोन नोटा. त्या तशाच वाटल्या जात नाहीत, म्हणजे शंभराची नोट कुणालाच मिळाली नाही. वहीत शंभरांच्या घरावर शून्य. दोनशेची मोड केली, आधीचे चाळीस मिळवले, म्हणजे चोवीस दहा रुपये. प्रत्येकीला दोन दहा, म्हणजे वीस. दशकाच्या घरावर दोन. सुटे काही उरले नाही. एककाच्या घरावर शून्य. एक हजार वीस.

मुलाला बाराचा पाढा येत होता, वजाबाकी येत होती. भाग द्या, गुणा, वजा करा, पुढचा अंक उतरवा, ही चाकोरीही पाठ होती. चुकले ते एवढेच, की शंभरांच्या घरावर शून्य मांडायचे राहून गेले. कारण पुढचा अंक 'उतरवणे' म्हणजे वरच्या नोटेची मोड आणून ती खालच्या नोटांत मिसळणे, हे त्याच्या कानावर कधी आलेच नसावे. अंक उतरवायचा असतो म्हणून तो उतरवत होता.

हे एकट्या त्या मुलाचे नाही. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने गावोगाव घरी जाऊन मुलांची पाहणी होते, तिला 'असर' म्हणतात. २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील आठवीच्या मुलांपैकी सुमारे ४६ टक्के मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. म्हणजे निम्म्याहून अधिक मुले प्राथमिक शाळेतला हा भागाकार न येताच आठवीपर्यंत पोचतात. पुढे अपूर्णांक, शेकडेवारी, व्याज, सरासरी सगळे यावरच उभे आहे. पाया कच्चा आणि वर माडी, अशी गत होते.

यात एकट्या गुरुजींना दोष देऊन भागणार नाही. ऊसतोडीला गेलेल्या घरची मुले ऐन हंगामात शाळेपासून तुटतात. कुणी आजारी असते, कुणी घरी धाकट्या भावंडाला सांभाळत बसते. भागाकाराची एक पायरी हुकली, की पुढच्या सगळ्या अधांतरी राहतात.

आधी परीक्षण, मग मात्रा

मातीचे परीक्षण न करता खत टाकू नका, असे मी तुम्हाला नेहमी सांगतो. इथेही तेच. 'पोराला भागाकार येत नाही' एवढ्याने भागत नाही, नेमके कुठे अडते ते शोधा. त्यासाठी पाच गणिते पुरे आहेत. एका कागदावर लिहून द्या आणि शेजारी गप्प बसा.

पहिले, ८४ ÷ ४. यात मोड नाही, बाकी नाही. उत्तर २१. हेच अडले तर मुलाला पाढ्यांची किंवा वाटणीचीच ओळख कमी आहे.

दुसरे, ७३५ ÷ ३. यात मोड करावी लागते. उत्तर २४५.

तिसरे, ६१७ ÷ ५. यात बाकी उरते. उत्तर १२३, बाकी २.

चौथे, ६१२ ÷ ६. यात मधे शून्य येते. उत्तर १०२. इथे बरीच मुले १२ लिहून मोकळी होतात.

पाचवे, ९५२ ÷ २८. यात भाजक दोन अंकी आहे. उत्तर ३४.

जिथे पहिली चूक झाली, तिथून शिकवायला सुरुवात करा. सातवीतला मुलगा दुसऱ्या गणितात अडला, तर त्याला पाचव्याला जुंपू नका. पिवळ्या पडलेल्या पिकाला कशाची कमतरता आहे ते न बघता दुकानदार देईल ती बाटली ओतण्यासारखे ते होईल.

लग्नपत्रिकेच्या नोटा आणि तुरीच्या काड्या

साहित्याला खर्च नाही. जुन्या लग्नपत्रिका घराघरांत पडून असतात. त्या कापून शंभर, दहा आणि एक रुपयाच्या नोटा करा. किंवा तुराटीच्या बारीक काड्या तोडा. दहा काड्यांची एक जुडी, दहा जुड्यांचा एक भारा. भारा म्हणजे शतक, जुडी म्हणजे दशक, सुटी काडी म्हणजे एकक.

आता ७३५ तिघांत वाटायला सांगा. सात भारे तिघांत, प्रत्येकी दोन, एक भारा उरला. तो सोडला, दहा जुड्या झाल्या, आधीच्या तीन मिळून तेरा. प्रत्येकी चार, एक जुडी उरली. ती सोडली, दहा काड्या, आधीच्या पाच मिळून पंधरा. प्रत्येकी पाच. झाले २४५. मुलगा एकेक पाऊल हाताने करील तसतसे तेच वहीत मांडायला लावा. हात पुढे, पेन्सिल मागे. दोन-चार दिवसांत काड्या आपोआप सुटतात, पेन्सिल उरते.

पायरी करताना तोंडाने काय बोलायचे, तेही महत्त्वाचे आहे. "सातात तीन किती वेळा" असे म्हणण्याऐवजी सुरुवातीला "सात शंभर तिघांना, एकाला किती शंभर?" असे म्हणू द्या. म्हणजे वर मांडलेला दोन हा दोन नसून दोनशे आहे, हे ध्यानात राहते. आपल्या मराठीत आणखी एक अडचण आहे. आपण 'चोवीस' म्हणताना आधी चार उच्चारतो, मग वीस. लिहिताना मात्र दोन आधी येतो. काही मुले त्यामुळे ४२ लिहून बसतात. रागावू नका, 'दोन दहा आणि चार' असे म्हणवून घ्या.

मुलांचे अंक एकाखाली एक राहत नाहीत, शतक दशकाखाली घसरते आणि पुढे सगळे चुकते. यावर सोपा उपाय आहे. एकेरी रेघांची साधी वही आडवी फिरवा. रेघा उभ्या होतात, आपोआप रकाने पडतात. एका रकान्यात एकच अंक. भाज्याच्या प्रत्येक अंकावर उत्तराचे एक घर आहे. पहिला अंक मांडल्यावर पुढचे एकही घर मोकळे सोडायचे नाही. वाटता आले नाही तर तिथे शून्य. पेरताना तिफणीचे एक नळे तुंबले तर ओळच्या ओळ रिकामी जाते, तशी ही चूक आहे. वरवर कळत नाही, उगवल्यावर कळते.

दोन अंकी भाजक आला, की मुले घाबरतात. २८ चा पाढा कुणाला येतो? तो येण्याची गरजही नाही. समजा ९५२ मिरचीची रोपे २८ सऱ्यांत सारखी लावायची आहेत. कागदाच्या कडेला आधी लिहा: एकपट २८, दुप्पट ५६, पाचपट १४०, दहापट २८०. आता प्रत्येक सरीला आधी दहा-दहा रोपे द्या, २८० संपली, राहिली ६७२. आणखी दहा, राहिली ३९२. आणखी दहा, राहिली ११२. आता दहा पुरत नाहीत, दोन-दोन द्या, ५६ राहिली. पुन्हा दोन-दोन, संपली. दहा, दहा, दहा, दोन आणि दोन, म्हणजे ३४. हळूच त्याच्या लक्षात येते, की दहाचे तीन हप्ते एकदम तीसने देता आले असते. तीच पुस्तकातली पद्धत. आधी समजून आडवळणाने जाऊ द्या, जवळची वाट मुले स्वतः शोधतात.

आधी अंदाज, शेवटी गुणून ताळा

त्या दिवशी मुलाने गणिताआधी नुसता अंदाज घेतला असता तरी चूक कळली असती. १२,२४० म्हणजे जवळपास बारा हजार, माणसे बारा, म्हणजे प्रत्येकी हजाराच्या आसपास. मग १२० हे उत्तर बसेल कसे? आणि शेवटी ताळा केला असता तर बारा गुणिले १२० म्हणजे १,४४० आले असते. १२,२४० कुठे आणि हे कुठे! भाजक गुणिले उत्तर, अधिक बाकी, बरोबर मूळ संख्या. हा ताळा प्रत्येक गणिताला करायला लावा. गणित बरोबर की चूक हे गुरुजींना न विचारता मुलाला स्वतःला कळू लागले, की त्याची भीती जाते.

बाकी म्हणजे काय, हे शेतात कळते

बाकी उरली की मुले ती कोपऱ्यात लिहून टाकतात. त्या बाकीचे पुढे काय करायचे, हे मात्र आपल्याला घरी शिकवता येते.

सोयाबीन ५०० किलो आहे, कट्टा ६० किलोचा. ५०० ÷ ६० म्हणजे ८, बाकी २०. कट्टे किती लागतील? आठ नव्हे, नऊ. शंभर फूट पाइपाचे बारा फुटी तुकडे करायचे. आठ तुकडे, बाकी चार फूट. इथे नववा तुकडा होत नाही. दोन्हीकडे बाकी उरली, पण निर्णय वेगळा.

आता खताचे घ्या. युरियात नत्र ४६ टक्के असते, म्हणून १०० किलो नत्रासाठी साधारण २१७ किलो युरिया लागतो. बरेच जण अजूनही गोणी ५० किलोची धरतात. पण २०१८ पासून युरियाची गोणी ४५ किलोची झाली आहे. २१७ ÷ ४५ म्हणजे ४ गोण्या, बाकी ३७ किलो. दुकानातून पाच गोण्या आणाव्या लागतील, पण पाचव्या गोणीतले आठ किलो शिल्लक राहिले पाहिजेत. ५० ने भागले तर ४ गोण्या आणि १७ किलो येते, आणि पिकाला वीस किलो युरिया कमी पडतो.

कुणी म्हणेल, मोबाइल असताना हा खटाटोप कशाला? एकरी २०० लिटर पाण्यातून फवारणी करायची आहे, पंप १५ लिटरचा. मोबाइलवर २०० ला १५ ने भागा. १३.३३३३ असे येते. हे तेहतीस म्हणजे काय? तेहतीस लिटर? पाव पंप? वहीतला भागाकार सरळ सांगतो: १३ पंप आणि वर ५ लिटर. त्या शेवटच्या पाच लिटरमध्ये पूर्ण पंपाचे औषध ओतले तर तेवढ्या पट्ट्यावर तिप्पट मात्रा पडते. तणनाशकाच्या बाबतीत ही तिप्पट मात्रा पिकाला महागात पडू शकते. मोबाइल वापरा, माझी ना नाही. पण तो उत्तर देतो, अर्थ सांगत नाही. आकडा दाबताना चुकला तर तेही सांगत नाही.

गावाने काय करावे

शिक्षणहक्क कायद्याने, म्हणजे २००९ च्या कायद्याने, शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात आणि समितीत निम्म्या महिला. समितीच्या बैठकीत रंगरंगोटी आणि पोषण आहाराबरोबर एक प्रश्न जरूर विचारा: सहावी ते आठवीच्या किती मुलांना भागाकार येतो? गुरुजींना अडचणीत आणायला नव्हे, तर त्यांना काय मदत हवी ते कळायला.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी म्हणजे आपले ग्रामसेवक भाऊसाहेब, यांनाही विनंती. गावातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींना आठवड्यातून दोन संध्याकाळी तासभर शाळेत किंवा समाजमंदिरात बसवा. पाच गणितांच्या परीक्षणावरून मुलांचे गट करा, इयत्तेवरून नको. एका बैठकीला तीनच गणिते, पण समजून. पंधरा गणिते घोकून घेतली तर चूकच पक्की होते.

आईबापांनी आपले रोजचे हिशेब मुलांपुढे करावेत. दूध संघाची दहा दिवसांची पावती, बचत गटाचा हप्ता, मजुरीची वाटणी. मुलींनाही यात बसवा. उद्या तीच आपल्या मजुरीचा हिशेब मुकादमाकडे मागणार आहे. आणि एक करू नका, जे मी केले: चारचौघांत पोराची परीक्षा घेऊ नका.

त्या आठवीच्या मुलाकडे मी नंतर गेलो. सोबत लग्नपत्रिकेच्या कापलेल्या नोटा होत्या. आधी त्याची माफी मागितली, मग दोघांनी मिळून बारा ढीग मांडून पैसे वाटले. शंभराच्या दोन नोटा हातात घेऊन तो थांबला. थोड्या वेळाने म्हणाला, "म्हणजे शंभराची नोट कुणालाच मिळाली नाही, म्हणून तिथं शून्य. एवढंच ना?"

एवढेच. पण ते त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळले होते.

तेव्हा बंधू-भगिनींनो, आज संध्याकाळी गुरे बांधून झाली, की घरातल्या मुलाला किंवा मुलीला जवळ बसवा आणि ६१२ ÷ ६ घाला. १०२ आले तर पाठ थोपटा. १२ आले तर हसू नका, रागावू नका. सहा ताटल्या मांडा, काड्यांचे भारे आणि जुड्या काढा आणि मुकादम आजींसारखे वाटायला बसा.